बारा वावांचा दोर

शंकर, काल तुझ्या गॅरेजचं शटर मी उघडलं.

तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, उरलेली बुंदी शेजारीपाजारी वाटून संपली, आणि मला करायला काही उरलं नाही. म्हणून किल्ली घेऊन खाली उतरले. शटर नेहमीसारखं अर्ध्यावर अडकलं. तू त्याला डाव्या गुडघ्याने एक दणका द्यायचास. मीही दिला. शटर जागचं हललं नाही, गुडघा मात्र अजून दुखतो आहे. शेवटी समोरच्या पत्रेवाल्याने येऊन ते वर केलं. हे शटर दुरुस्त करून घे, असं मी तुला किती वर्षं सांगत होते तेही इथे लिहून ठेवते, कारण आता तू उलट उत्तर देणार नाहीस.

लष्कर मोहल्ल्यात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, पण तुझ्या बाबतीत ते खरंही आहे, आणि त्याचाच मला त्रास होतो. मला तुझ्याशी भांडायचं आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तू असताना तीन महिने मी तोंडातच धरून ठेवली. आपण दोघं बहीणभाऊ रोज दोन वेळा एका ताटलीतलं लोणचं वाटून खात होतो, तरी ती बाहेर आली नाही.

आपलं भांडण त्या गाड्यांवरून सुरू झालं. तुझ्याकडे कॉलेजातली पोरं यायची. कुणाला गाडी खाली बसवून हवी, कुणाला सायलेन्सर असा हवा की अख्खी गल्ली दचकून उठावी. सायलेन्सरला तू हात लावायचा नाहीस, एवढं एक मी मान्य करते. पण त्यांच्याशी गप्पा मारत बसायचास, आणि त्या गप्पांतूनच तुला कळलं की दर महिन्याला एका रविवारी सकाळी ती सगळी रिंग रोडच्या पलीकडे जमतात. तिथे एक ले-आऊट आहे, रस्ते आखलेले, घरं अजून उठलेली नाहीत. मधल्या मोकळ्या मैदानात गाड्या लावायच्या, एकमेकांच्या बघायच्या, आणि मग एकेकाने गाडी जागच्या जागी गरागरा फिरवून दाखवायची.

तू एकदा बघायला गेलास आणि परत आलास ते न जेवता बसून राहिलास. गाडी फिरवणाऱ्यांची तुला एवढी भीती वाटली नव्हती. बघणाऱ्यांची वाटली होती. फिरत्या गाडीपासून चार हातांवर माणसं मोबाइल धरून उभी होती म्हणालास, आणि एक बाप तर पोराला खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढे. गाडी सुटली तर ती सरळ जाणार नाही, बाहेर फेकली जाणार, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं. पुढच्या खेपेला तू गेलास तेव्हा खांद्यावर आप्पांचा दोर होता.

तो दोर आपल्या घरात देवासारखा. आपले पूर्वज राजाच्या घोडदळात होते, हे आप्पा पाहुण्यांना पाच मिनिटांत सांगायचेच. घोडे गेले, दोर राहिला. घोड्याला कावा देताना, म्हणजे गोलात फिरवताना, मधला माणूस जो लांब दोर धरतो तो. मूळचा दोर कधीच कुजून गेला असणार, पण माप जुनं. बारा वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे बारा. दोर जुना झाला की त्याच मापाचा नवा सुती दोर वळून घ्यायचा, एका टोकाला तीच पितळी कडी, दुसऱ्या टोकाला गाठ. आप्पांनी वळून घेतलेला शेवटचा. तो कुणी कधी मोजला नाही, कारण तो बारा वावच असणार. घरच्या दोरावर संशय कोण घेणार?

तू मैदानाच्या मधोमध मेख ठोकायचास, कडी तिच्यात अडकवायचास, दोर ताणून गोल चालत जायचास आणि मागून एकजण चुन्याची फक्की टाकत यायचा. माणसं त्या रेघेबाहेर. लहान मुलं उभ्या गाड्यांच्या पाठीमागे. एका वेळी एकच गाडी, आणि तू लाल पंचा वर केलास की थांबायचं. पोरं हसली आधी. मग हसायची थांबली, कारण त्यांच्या गाड्यांचे बोल्ट तुझ्या हातात होते.

मी मात्र थांबले नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली दहा वर्षं वाहतूक सुरक्षेचं मंडळ माझ्याकडे होतं, शाळेच्या फाटकावर शिट्टी घेऊन मी उभी राहायचे. माझा सख्खा भाऊ असल्या पोरांच्या खेळाला रेघ आखून देतो, हे मला पटणारच नव्हतं. माकडाच्या हातात कोलीत आहे ते आहे, तू वर त्याला मांडव घालून देतोस, असं मी तुला म्हणाले होते. रेघ आखली की लोकांना वाटतं सगळं ठीक आहे, त्यापेक्षा पोलिसांना सांग. सांगितलं तर ती दुसऱ्या मैदानावर जातील, तू म्हणालास. जाऊ देत, मी म्हणाले. प्रत्येक महिन्याला हेच भांडण, हीच वाक्यं, फक्त भाजी वेगळी.

एकदा मात्र तू हात धुऊन परत पाटावर येऊन बसलास. "अक्का, तू सांगून ती थांबतात का? नाही नोडू, बघ ना. मीही या वयात थांबलो नसतो. चालवणारा आपल्या मर्जीने आत बसतो. बघणाऱ्याला काही माहीतच नसतं गं. त्याला तरी स्वल्प मागं उभं करूया की."

मी ताटं उचलली. तू बरोबर बोललास असं वाटलं होतं, पण तसं म्हणणं माझ्या स्वभावात नाही. ते आता म्हणते. अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यावर मी अजून भांडायला तयार आहे.

आता माझी गोष्ट.

गेल्या आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या सकाळी तू आंघोळीला गेला होतास. गेटला आणि गॅरेजच्या दाराला केळीचे खुंट बांधायचे होते, चार खुंट, आणि सुतळी संपली. दुकानात जायचं तर रस्त्यावर कोहळे, झेंडू आणि माणसं यांतून वाट काढायला तासभर. खिळ्यावर दोर लटकलेला दिसला. त्याचं गाठीकडचं टोक काळं पडलं होतं, पिंजलं होतं. मला वाटलं, हे टोक नाहीतरी वाईटच दिसतंय. कोयत्याने कापलं. किती कापतेय ते पाहिलंही नाही. चार खुंट बांधून झाले, उरलेल्या टोकाला माझी गाठ मारली आणि दोर परत खिळ्याला. तीस वर्षं मोजायला शिकवणारी बाई मी.

तू आलास, पाने-हातोड्यांशेजारी दोर मांडलास, हळदकुंकू वाहिलंस, नमस्कार केलास. आरती मी धरली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी मैदानावर नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. राजवाड्याचा दसरा बघायला आलेले पाहुणे, नुकत्याच पुजलेल्या गाड्या, त्यांच्या नाकावर वाळलेल्या माळा. तू दोर ताणलास, रेघ मारून घेतलीस. त्या पोरांतल्या प्रज्वलची गाडी फिरत होती. तू लाल पंचा वर केलास. लोक ओरडत होते, आणि वीस वर्षांच्या पोराला पंचा दिसतो की ओरडणं ऐकू येतं हे मी तुला सांगायला नको. त्याने आणखी दोन फेरे घेतले. मागचं टायर रिमवरून सुटलं आणि गाडी बाहेर फेकली गेली. रेघेच्या पुढे दीड पाऊल जाऊन थांबली. फक्त दीड पाऊल. तिथे चैत्रा उभी होती, टी. नरसीपूरची, बी. कॉम.ची मुलगी, मामेभावाबरोबर आलेली. रेघेबाहेर, सांगितलं होतं तिथेच. डाव्या पायाची दोन हाडं मोडली.

प्रज्वलवर केस झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. तुलाही स्टेशनात बोलावलं. कुणी न विचारता तू लिहून दिलंस, रेघ माझी, अंतर मी ठरवलं, ते चुकलं. घरी येऊन दिवसभर एकच म्हणत होतास की बारा वाव कमी पडायला नको होते, अक्का, आप्पांचं माप कमी कसं पडलं.

तिसऱ्या दिवशी मी गेटवरचे वाळलेले खुंट काढायला गेले. ते ज्याने बांधले होते ते दोराचे चार तुकडे सोडून एकापुढे एक ठेवले, हात पसरले आणि मोजले. दोन वाव.

दीड पावलाला दोन वाव खूप होतात, शंकर. हे गणित करायला शिक्षिका असावं लागत नाही.

ते तुकडे मी तांदळाच्या डब्यामागे पिशवीत घालून ठेवले. तुला सांगणार होते. त्या दिवशी सांगणार होते, मग दिवाळीनंतर, मग तुझा खोकला बरा झाल्यावर. खरं कारण असं की महिन्याच्या महिन्याला मी तुला सुरक्षिततेचे धडे दिले होते, आणि तो पाय माझ्या कोयत्याने मोडला होता. मला लाज वाटली. भीती नाही, लाज. तू दर रविवारी बसने टी. नरसीपूरला जायचास, कधी संत्री, कधी मैसूरपाक घेऊन. मला विचारायचास, येतेस का? मी म्हणायचे, कपडे धुवायचे आहेत. घरात दोघांचे कपडे ते किती असणार? पण तू एकदाही तसं म्हणाला नाहीस.

संक्रांत झाली. चौथ्या दिवशी दुपारी जेवून खाली गेलास, खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस. माझं सांगायचं राहिलं ते राहिलं. त्या तेरा दिवसांत सगळे मला रड म्हणत होते आणि मला रडू येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात सारखी ती तांदळामागची पिशवी होती.

म्हणून काल शटर उघडलं. दोर खिळ्यावर होता. उतरवला, हातात जरा जड लागला. कडीपासून सोडत आणला तर दहाव्या वावाला माझी गाठ. माझी गाठ तू लहानपणापासून ओळखतोस, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. तुझ्या दप्तराचा पट्टा तुटला तेव्हा मीच तशी बांधून दिली होती, आणि तुला ती सोडवता येत नाही म्हणून तू रडत घरी आला होतास. ती गाठ तू तशीच ठेवली होतीस. तिच्या पलीकडे नवा दोर जोडला होता, पांढराशुभ्र, चार वाव. दोर आता चौदा वाव होता.

मी तुझ्या खुर्चीत बसले आणि मग रडले, पत्रेवाला समोर असतानाही.

आज सकाळी पिशवी घेऊन टी. नरसीपूरची बस धरली. चैत्राचं घर संगमाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे, तुला ठाऊकच आहे. ती काठी घेऊन अंगणात चालत होती, दहा पावलं जाऊन वळत होती. मी तुझी बहीण म्हटल्यावर आत धावायला बघत होती, कॉफीसाठी. मी तिला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, सुतळी संपल्यापासून. कन्नडात सांगितलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ते लवकर संपलं. पिशवीतले तुकडे मी अंगणात एकापुढे एक मांडले. तिच्या पायापासून निघाले ते तुळशीपर्यंत पोचले.

ती बघत राहिली. एवढं अंतर, असं हळूच म्हणाली, आणि काठीने तुळशीकडचं टोक सरळ केलं.

मग तिने मला जे सांगितलं ते तू सांगायला हवं होतंस. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तू दोर तिथे घेऊन गेला होतास. मैदानावर काय चुकलं ते बघायचं म्हणून तिच्या वडलांना कडी धरायला लावलीस आणि त्याच अंगणात हात पसरत पसरत मोजलंस. दहाही पुरते भरले नाहीत. परत मोजलंस, परत तेच. मग ते टोक हातात घेऊन बराच वेळ गाठीकडे बघत बसलास.

मी विचारलं, काही बोलला का.

"फक्त 'अक्का' म्हणाले," ती म्हणाली. "मला वाटलं लाडाने मलाच हाक मारली. मग कॉफी प्यायले, आणि जाताना पुन्हा तेच सांगितलं, चूक माझीच."

म्हणजे दिवाळीपासून तुला ठाऊक होतं. त्यानंतर सव्वादोन महिने तू माझ्यासमोर बसून जेवलास. मी आमटी वाढत होते आणि गप्प होते, तू आमटी ओरपत होतास आणि गप्प होतास. माझी वाट बघत होतास का? मी आपणहून सांगेन असं वाटत होतं? की मला वाचवत होतास? मला वाचवायचं असेल तर मला विचारून वाचवायचं होतंस. मला याचा फार राग आला आहे, शंकर, आणि तेवढीच माया दाटून आली आहे. दोन्ही एकदम कुठे ठेवायचं ते कळत नाही. तू एक शब्द बोलला असतास तर मी निदान दोन महिने तरी हलकी जगले असते, तूही जगला असतास. तुझ्या छातीवर त्या रेघेचा भार नसता तर, असं मी रोज म्हणते, आणि डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं.

चैत्राने मला क्षमा वगैरे केली नाही. मीही मागितली नाही, तिच्याकडून ती घेणं बरोबर झालं नसतं. ती म्हणाली, मला राग येतोय, पण कुणावर किती ते ठरत नाही. प्रज्वलवर सगळ्यांत जास्त. मग तुमच्यावर. मी बरं म्हटलं. तिचे वडील फाटकापर्यंत आले आणि म्हणाले की तुमचा तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, इथल्या बसची वेळ आमच्यापेक्षा नीट सांगायचा. मी निघताना चैत्रा मागून म्हणाली, "रविवारी ते यायचे. आता तुम्ही येत जा. मला अकाउंट्सचं गणित जमत नाही."

आता रविवारची दुपार तिची. सकाळ कुणाची तेही ऐक.

तुझी ती गॅरेजवरची पोरं परवा घरी आली होती, तुझ्या फोटोला हार घेऊन. प्रज्वल नव्हता, त्याचं लायसन्स गेलं आणि तो घरातून फारसा बाहेर पडत नाही म्हणाली. माझी पुढची फेरी त्याच्याकडे आहे, कारण त्या पायातला त्याचा वाटा त्याचा, पण माझा वाटाही तो एकटाच वाहतो आहे. स्टेशनातही जायचं आहे, तुझं ते लिहून दिलेलं दुरुस्त करायला. मग ती पोरं चुळबुळ करायला लागली. तुझ्या नावाने मैदानावर जमायचं होतं. गाड्या फक्त लावून ठेवू, फिरवणार नाही, एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, शेवटी एखादी फिरवूच की, शंकरण्णांना आवडायचं. तुला आवडायचं नाही हे त्यांना कळलंच नाही कधी. तू तिथे जायचास म्हणून त्यांना वाटलं तुला आवडतं.

मी त्यांना सगळं सुनावलं, शाळेतल्या आवाजात, खाली बसवून. पोलिसांना सांगेन असंही म्हणाले, आणि खरंच सांगणार आहे. पण त्यांचे चेहरे बघताना मला तुझं वाक्य आठवलं. मी सांगून ती थांबणार नाहीत. इथे नाही तर दुसऱ्या मैदानावर, आणि तिथे एखादा बाप पोराला खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढे असणार.

तेव्हा येत्या रविवारी मी जाणार आहे. माझ्याकडे शाळेची शिट्टी आहे, तुझा लाल पंचा धुऊन वाळत घातला आहे, मेख हातोडा पिशवीत भरलाय. अजूनही म्हणते, हा खेळ नसावा. पण असेल तर बघणारा मागे असावा. आपल्या भांडणाचा हा निकाल मला तुझ्यासमोर मान्य करायचा होता, तुझ्या तोंडावरचं ते हसू सोसून.

तुझा चौदा वावांचा दोर मी संध्याकाळी अंगणात सोडला आणि मोजला. कडीपासून टोकापर्यंत, माझी गाठ ओलांडून, दोन्ही हात पसरत. दोनदा मोजला. माझे हात तुझ्यापेक्षा आखूड आहेत, माझे चौदा म्हणजे तुझे चौदा नव्हेत, म्हणून टोकाला आणखी एक वाव जोडला आहे.